'उपशेष'चं कार्ड

ताईनं पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "वाच. तुझ्या ऑफिसनं माझं वाटोळं केलंय."

पत्र तिच्या पीएच.डी.च्या बाहेरच्या परीक्षकांचं होतं. एकच परिच्छेद. 'शीर्षकातील "उपशेष" या संज्ञेचा प्रमाणकोशातील अर्थ "नगण्य म्हणून सोडून दिलेला उरलेला भाग" असा आहे. जे व्याख्येनेच नगण्य आहे, त्याचे मापन करणे ही विसंगती आहे. शीर्षक बदलून नव्याने नोंदणी करावी, अथवा मौखिक परीक्षेत या अर्थाविषयी समाधानकारक पुरावा सादर करावा.'

तो शनिवार होता. मौखिक परीक्षा पुढच्या शुक्रवारी.

नव्यानं नोंदणी म्हणजे किमान सहा महिने. ताई ज्या कॉलेजात चार वर्षं करारावर शिकवत होती, तिथली कायमची जागा या महिनाअखेरीस भरणार होते आणि त्या जागेला पदवी लागत होती. 'मिळणार आहे' चालत नव्हतं, 'मिळाली' लागत होतं.

"प्रमाणकोश म्हणजे तुमचाच ना?" ताईनं विचारलं.

"आमचाच."

मी रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि एका शब्दकोशाच्या कार्यालयात नोकरीला लागले, याचं आईला अजून नवल वाटतं. त्यांना विज्ञानाचे शब्द पाहणारं कुणीतरी हवं होतं. मला तिथे अकरा महिने झाले होते आणि 'उपशेष' हा शब्द मी कधी उघडून पाहिला नव्हता.

"पण तू उपशेष म्हणजे काय समजतेस?"

ताईनं माझा पाण्याचा पेला उचलला, सिंकमध्ये पालथा केला आणि माझ्यासमोर धरला. "रिकामा?"

"रिकामा."

तिनं पेल्याच्या आतून बोट फिरवलं आणि ओलं बोट माझ्या गालाला पुसलं. "हा उपशेष. ओतल्यावर भांड्याला चिकटून राहतं ते. आमच्या लॅबमध्ये झाडूनपुसून सगळे हेच म्हणतात. तीन वर्षं मी दुधाच्या कॅन धुतल्यावर आत साबणाचं पाणी किती राहतं ते मोजतेय. ते नगण्य असतं तर मी कशाला मरत होते?"

वस्तू मला माहीत होती. आमच्या कॉलेजात तिला नाव नव्हतं, 'भांडं तीनदा विसळून घ्या' एवढंच सांगायचे.

"मग शब्द बदल की," आई म्हणाली. "उरलेलं म्हण."

"आई, तो तीनशे चाळीस वेळा आलाय. आणि शीर्षकात आहे. शीर्षक नोंदवलेलं असतं."

"तुमच्या शिक्षणात साधं काही नसतंच का ग?"

सोमवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोहोचले. आमचं कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिलीत टेबलं, दुसरीत कॉम्प्युटर, तिसरीत छतापर्यंत लाकडी खणांची कपाटं. खणांत पोस्टकार्डाएवढी कार्डं, सव्वातीन लाख. प्रत्येक कार्डावर एक शब्द, अर्थ, तो शब्द वापरलेलं एखादं वाक्य, ते कुठून घेतलं आणि तारीख. ही वाक्यंच आमचा पुरावा, छापील अर्थ त्यांवरूनच ठरतो. एखादा अर्थ छापायचा तर आता तीन स्वतंत्र स्रोत लागतात, पहिल्या आवृत्तीला एकही पुरायचा. आणखी एक नियम जुन्या लोकांनी घालून दिलाय: कार्ड ज्यानं लिहिलं त्यानंच खोडायचं, सही आणि तारीख घालून. दुसऱ्यानं त्यावर रेघसुद्धा मारायची नाही. फार तर मागे नवं कार्ड लावायचं.

कॉम्प्युटरवर मी 'उपशेष' टाकलं. अकरा वाक्यं आली. पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका, मार्गदर्शिका, एका संस्थेचा वार्षिक अहवाल. अकराच्या अकरा 'सोडून द्यावा' या अर्थाची. ताईच्या अर्थाचं एकही नाही.

मग मी शब्दाच्या पोटात शिरले. शेष म्हणजे राहिलेलं, तिथे वाद नाही. भांडण 'उप'चं. उपसंपादक म्हणजे संपादकाच्या खालचा, म्हणून उपशेष म्हणजे दुय्यम, कमी महत्त्वाचं उरलेलं: परीक्षक जिंकले. पण उपनेत्र म्हणजे चष्मा, डोळ्याजवळचा, तो काही दुय्यम डोळा नव्हे. तसं उपशेष म्हणजे जवळ, चिकटून उरलेलं: ताई जिंकली. उपग्रह मात्र दोन्हींत बसतो, तो ग्रहाजवळही असतो आणि ग्रहाहून दुय्यमही. मी कागदावर दोन रकाने आखले होते. अर्ध्या तासात उपग्रह मधल्या रेघेवर बसला, त्याच्या खाली उपनगर येऊन बसलं आणि मी कागद चुरगळून टाकला.

प्रयोगशाळेत गोंधळ झाला की आम्ही एकच करायचो, आकडे क्रमानं लावायचो. मी ती अकरा वाक्यं तारखेनं लावली.

दुसरं वाक्य वीस वर्षांपूर्वीच्या एका पाठ्यपुस्तकातलं होतं. लेखकाचं नाव मी ताईच्या पत्राखालच्या सहीशी ताडून पाहिलं. ताईचे परीक्षक. पुस्तक आमच्याच कपाटात होतं. प्रस्तावनेत लिहिलं होतं, 'परिभाषेसाठी प्रमाणकोशाचा आधार घेतला आहे.' पुढची नऊ वाक्यं त्या पुस्तकावर बेतलेल्या प्रश्नपत्रिकांतून, मार्गदर्शिकांतून आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या अहवालातून आलेली. एका बाटलीतून दहा परीक्षानळ्या भरायच्या आणि दहा वेगळे प्रयोग केले म्हणायचं, तसला प्रकार.

राहिलं पहिलं. सव्वीस वर्षांपूर्वीचं. 'मुख्य द्रावण ओतून घेतल्यावर जो उपशेष राहतो, तो नगण्य म्हणून सोडून द्यावा.' स्रोताच्या रकान्यात 'संपादकीय'.

आमच्या टायपिस्ट बाईंनी जुनी सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवली आहेत. त्या नुकत्याच पर्स ठेवत होत्या.

"बाई, संपादकीय म्हणजे कुठलं हो?"

"कुठलंच नाही. काही कार्डांवर स्रोत नसायचाच. रकाना रिकामा ठेवला की ते यंत्र पुढे सरकेना. मग मी संपादकीय टाकत गेले. तेव्हा विचारलं होतं मी, सगळ्यांना विचारलं होतं. सगळे म्हणाले, टाका काहीतरी."

मी तिसऱ्या खोलीत जाऊन मूळ कार्ड काढलं. समोरच्या बाजूला निळ्या शाईत, 'उपशेष: ओतून झाल्यावर भांड्यात राहते ते. विज्ञान शिक्षक समितीची यादी. अर्थ फोनवर विचारून.' आणि तारीख. म्हणजे ताईचाच अर्थ! मी खणाला टेकून उभी राहिले. मग कार्ड उलटलं. मागे ते वाक्य, 'सोडून द्यावा'वालं. आणि वरच्या कोपऱ्यात, छोट्या वर्तुळात, 'स्व'.

पूर्वी एखाद्या शब्दाला वाक्य सापडलं नाही की संपादक स्वतःच एक वाक्य रचून पाहायचे, अर्थ नीट बसतो का म्हणून. असं घरचं वाक्य छापायचं नसे. म्हणून कोपऱ्यात 'स्व', स्वरचित. कॉम्प्युटरच्या अर्जात शब्दाला रकाना होता, अर्थाला होता, तारखेला होता. कोपऱ्याला नव्हता.

अक्षर मी ओळखलं. ऑफिसात कुणीही ओळखलं असतं. डावीकडे झुकलेलं, लांब वेलांट्यांचं. खोडरबर.

हे अर्थात त्यांच्या पाठीमागचं नाव, तोंडावर आम्ही सर म्हणतो. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी रोज अकराला येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि आमच्या कच्च्या छपाईतले स्वल्पविराम फुकटात खोडून देतात. मला कार्ड लिहायला त्यांनीच शिकवलं. पहिल्या दिवशी म्हणाले होते, "पोरी, कार्डावर दिसतं ते लिहायचं. वाटतं ते नाही."

मी आधी मुख्य संपादक बाईंकडे गेले. त्यांनी पत्र वाचलं, कार्डाच्या दोन्ही बाजू पाहिल्या, चष्मा काढला.

"प्रबंधवाली तुझी कोण?"

"सख्खी बहीण."

"मग या कार्डाला तू हात लावायचा नाहीस."

"बाई, पण चूक ढळढळीत आहे."

"असेल. पण उद्या कुणी म्हणेल, कोशात काम करणारीनं बहिणीसाठी अर्थ बदलला. सर आहेत ना अजून, त्यांना दाखव. त्यांनी खोडलं तर मी लगेच सही-शिक्क्याची प्रत देते."

"आणि नाही खोडलं तर?"

"तर नाही," बाई म्हणाल्या आणि चष्मा चढवला.

मंगळवारी अकराला मी सरांना ताईची हकिगत सांगितली आणि कार्ड पुढे ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ लांब धरून पाहिलं.

"अक्षर माझं."

"आणि वाक्य?"

"वाक्यही बरं आहे."

"सर, समोर तुम्ही लिहिलंय 'भांड्यात राहते ते'. मग मागे 'सोडून द्यावा' कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? राहिलं ते राहिलं. ओतलं, झालं. उरलेल्याचं दुसरं काय करणार?"

"विसळून घ्यायचं. प्रयोगशाळेत ते टाकत नाहीत, सर. पाणी घालून विसळतात आणि मुख्य द्रावणात मिळवतात. तीनदा."

"थेंबभर पाण्यासाठी?"

"थेंबभर असलं तरी मोजायचं असतं."

मी अकरा वाक्यांचा कागद पुढे केला आणि एका बाटलीचं उदाहरण दिलं. मला वाटलं, आता पेन उघडतील. पण त्यांनी कागद घडी घालून मला परत दिला.

"समजा, मी चुकलो. पण त्यानंतर वीस वर्षं पोरं हाच अर्थ पाठ करतायत, पेपरात लिहितायत, पास होतायत. आता तो अर्थ माझा राहिला का? शब्द लोकांचा. अर्थ कुठल्या घरात जन्मला ते आपण विचारत नाही, चालता झाला का एवढंच बघतो. चालता झालाय. मी आता खोडलं तर ते वाटतं म्हणून खोडलं, दिसतं म्हणून नाही."

"आणि तीन स्वतंत्र स्रोत?"

ते खोडरबर घेऊन कुणाच्या तरी स्वल्पविरामाकडे वळले.

सगळ्यात वाईट म्हणजे मला त्यांचं पटलं. ताईचंही पटत होतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हे मला कळत नव्हतं. रसायनात असं झालं की आपण समजतो, नमुना दूषित आहे. इथे दूषित नमुनाच वीस वर्षं लोक पीत होते.

घरी ताई दारातच उभी होती. "काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"मला माहीत नाही ग."

"वा! सख्खी बहीण ती सख्खी बहीण," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला. सकाळी पाहिलं तर तिनं कॉलेजातली फाइल, हजेरीची वही, खडूची डबी सगळं एका पिशवीत भरून ठेवलं होतं, परत करायला. आई पिशवीकडे बघून मला म्हणाली, "तुझ्या त्या म्हाताऱ्यांना चहाला घेऊन ये. मी बोलते."

बुधवारी सर नेहमीपेक्षा लवकर आले. कोट काढायच्या आधीच म्हणाले, "ते विसळणं म्हणजे काय ते मला दाखव."

चहाच्या ओट्यावर मी चार पांढरे कप मांडले. त्यांच्याच दौतीतली निळी शाई पहिल्या कपात घेतली, कप पूर्ण पालथा केला, ठिबकणं थांबेपर्यंत धरला.

"रिकामा?" मी विचारलं.

"रिकामा."

मी त्यात दोन चमचे पाणी घातलं, गोल फिरवलं आणि दुसऱ्या कपात ओतलं. गडद निळं.

"अरे!" सर म्हणाले. टायपिस्ट बाईही येऊन उभ्या राहिल्या.

पुन्हा पाणी, पुन्हा गोल फिरवणं. तिसऱ्या कपात आकाशी. पुन्हा. चौथ्या कपात इतकं फिकट, की खाली कागद ठेवल्यावरच दिसलं.

"आणखी एकदा?" सरांनी विचारलं.

"नाही सर. तीनदाच. पुढच्या पाण्यात काही नसतं."

"नसतं, की दिसत नाही?"

"असतं," मी म्हणाले. "पण मोजण्याइतकं नसतं."

"म्हणजे सोडून देतेस."

"हो."

"नगण्य म्हणून."

"...हो."

"म्हणजे माझा अर्थ!" सर इतके खूश झाले की टायपिस्ट बाई हसायला लागल्या. "तुझ्या बहिणीचा उपशेष पहिल्या तीन पाण्यांत, माझा चौथ्यात!"

मला रडू येईल असं वाटलं. मी नळ सोडला आणि कप धुवायला घेतले. पण सर गेले नाहीत. ते निळ्या कपाकडे बघत उभे राहिले.

"त्या दिवशी फोनवर एक बाई होत्या," ते म्हणाले. "समितीवरच्या कुणी शिक्षिका. त्यांनी सांगितलं, ओतून झाल्यावर भांड्यात राहतं ते. मी म्हणालो, आभारी आहे. फोन ठेवला आणि वाक्य रचलं. त्या पुढे सांगणार असतील, विसळा म्हणून. मी विचारलंच नाही. मला वाटलं, कळलं."

ते तिसऱ्या खोलीत गेले. मी हात पुसत मागे गेले, पण बाईंची ताकीद आठवून दारातच थांबले. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, मागच्या वाक्यावर एकच सरळ रेघ ओढली, अक्षरं वाचता येतील अशी. खाली सही, तारीख. कोपऱ्यातला पेन्सिलीचा 'स्व' फिका झाला होता, तो शाईनं गिरवला. मग कोरं कार्ड घेतलं आणि मोठ्यानं बोलत लिहिलं: "एक. ओतून झाल्यावर भांड्यास चिकटून राहणारा अंश. दोन. नगण्य म्हणून सोडलेला भाग. पाठ्यपुस्तकांतून रूढ, स्वतंत्र पुरावा नाही." पेन बंद करताना म्हणाले, "दोन नंबर मी मारणार नाही हं. तो आता माझा नाही. पण त्याला रांगेत मागे उभं केलंय."

बाईंनी तासाभरात दोन्ही कार्डांची शिक्क्याची प्रत दिली.

शुक्रवारी विद्यापीठाच्या व्हरांड्यात बाकावर मी पन्नास मिनिटं बसले. दार बंद होतं. एकदा आतून कुणीतरी मोठ्यानं हसल्याचा आवाज आला, पण कोण ते कळलं नाही. ताई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की मला विचारायचा धीर होईना.

"झालं," ती म्हणाली.

"म्हणजे मिळाली?"

"मिळाली. पहिल्या पानावर तळटीप घालायची, दोन्ही अर्थांची." ती माझ्या शेजारी धपकन बसली. "त्यांनी कार्ड किती वेळ पाहिलं माहितीये? समोरून, मागून, परत समोरून. मग म्हणाले, म्हणजे मी कोशावरून घेतलं आणि कोशानं माझ्यावरून? मी म्हटलं, हो सर. तर म्हणाले, मग आधी कोण म्हणालं? मी म्हटलं, कुणीच नाही, सर. तेव्हा हसले. पाणी प्यायले आणि रिकाम्या पेल्यात बघत बसले. मग सही केली."

ती पिशवी तिनं घरी येऊन स्वतःच्या हातानं रिकामी केली.

तीन आठवड्यांनी ताईच्या प्रबंधाची बांधीव प्रत आमच्या कार्यालयात आली. नवं पुस्तक आलं की त्यातल्या शब्दांची कार्डं करायची असतात. बाई म्हणाल्या, नातेवाइकाचं पुस्तक तुला नाही. सर म्हणाले, मग मला द्या.

ते चार दिवस खिडकीशी बसून दुधाच्या कॅनबद्दल वाचत होते. पाचव्या दिवशी त्यांनी मला बोट वाकवून बोलावलं. पान एकशे बारा. पेन्सिलीची बारीक खूण.

'हवेतील ओलाव्यामुळे वजनात पडणारा फरक उपशेष मानून सोडून दिला आहे.'

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग जिन्यात जाऊन ताईला फोन लावला.

"एकशे बारा?" ती म्हणाली. मागे वर्गाचा गोंगाट होता. "अग, तिथे वेगळं आहे. तिथे खरंच काही नव्हतं."

"पण तू हा शब्द असा वापरतेस?"

"वापरते की. सगळेच वापरतात."

"कोशात पाहून लिहिलंस? की त्यांच्या पुस्तकात?"

"कोशात मी कशाला बघू? आणि त्यांचं पुस्तक मला कुठे होतं? घंटा झाली, ठेवते."

मी येऊन सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, कोरं कार्ड घेतलं, वाक्य उतरवलं, पान क्रमांक घातला, तारीख घातली. कोपरा तसाच कोरा ठेवला. मग 'उपशेष'च्या खणात, दोन नंबरच्या अर्थामागे ते सारताना म्हणाले, "स्वतंत्र स्रोत. पहिलाच."